मुठीचं माप

वादळाच्या वर्षी अब्बा घरी आले, तेव्हा ते आता कायमचे आले असं आम्हाला वाटलं. आखातातल्या ज्या कारखान्यात ते दारं-खिडक्या आणि कपाटं बनवायचे तो टाळेबंदीत बंद पडला, आणि मालकाने कारागिरांना मिळेल त्या विमानात बसवून परत पाठवलं. ते दिवेआगरला पोचले तेव्हा आमच्या घरावर निळी ताडपत्री होती आणि वाडीतल्या पोफळी अजून एकमेकींवर आडव्या पडलेल्या होत्या. अब्बांनी बॅग पडवीत ठेवली, अम्मीने दिलेलं पाणी प्यायले आणि शिडी कुठे आहे ते विचारलं.

पुढचे काही महिने मी त्यांना बहुतेक खालूनच पाहिलं. आधी आमचं छप्पर, मग शेजाऱ्यांचं, मग मशिदीच्या पडवीचं, मग देवळाकडच्या आळीतल्या घरांची वाशाकौलं. मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत नसे. मी जन्मले तेव्हापासून ते तिकडेच होते. सुट्टीवर यायचे, तेव्हा ती सुट्टी कुणाच्या ना कुणाच्या लग्नात आणि घराच्या डागडुजीत संपायची. माझे अब्बा म्हणजे अत्तराचा वास, जड बॅग आणि फोनवरचा तुटक आवाज.

मी तेव्हा कॉलेजला होते आणि तिथे धनुर्विद्येच्या चमूत होते. आमच्या सरांनी कुठूनतरी बांबूची धनुष्यं आणली होती, त्यावर आम्ही शिकलो. माझा नेम बरा होता. सर म्हणायचे, हिचा डावा हात हलत नाही. टाळेबंदीत कॉलेजला कुलूप लागलं आणि धनुष्यं आत राहिली. मग मी सायकलची जुनी ट्यूब कापून तिचं एक टोक डाव्या मुठीत धरायची, दुसरं उजव्या हाताने हनुवटीपर्यंत ओढायची आणि तशीच उभी राहायची. सवय मोडू नये म्हणून.

अब्बांनी ते एकदा छपरावरून पाहिलं.

"काय करतेस गं?"

"नेम धरते."

"कशानं?"

मी ट्यूब दाखवली. ते खाली उतरले. मी त्यांना सगळं सांगितलं. चमूबद्दल, सरांबद्दल, जिंकलेल्या एका ढालीबद्दल. ते ऐकत राहिले आणि अम्मीकडे वळून म्हणाले, "मला हे कुणी सांगितलं न्हाय."

"फोनवर सांगितलं होतं की," अम्मी म्हणाली.

"फोनवर कुठं काय नीट ऐकू येतंय." मग माझ्याकडे बघून, "लाकडाचं चालतंय?"

"बांबूचं किंवा लाकडाचं."

"मग लाकूड माझ्याकडं हाय."

डोंगराच्या पायथ्याशी धामणीचं एक झाड वादळात मुळासकट पडलं होतं. धामण म्हणजे साप नव्हे, झाड. त्याच्या लवचिक लाकडाच्या पूर्वी ओझ्याच्या कावडी करायचे. अब्बांनी ते वाशांसाठी म्हणून आणून, पाचरी ठोकून उभं चिरून पडवीत सुकायला ठेवलं होतं. थंडी सरता सरता ते लाकूड हलकं झालं. टकटक केलं की खणखणीत वाजायला लागलं. मग छपरांची कामं आटोपल्यावर अब्बांनी वाडीत, पडलेल्या माडाच्या खोडावर, आपलं काम मांडलं.

त्यांनी जन्मात धनुष्य केलं नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मोबाइलवर काही बघितलं, पण त्यांना बघून शिकण्यात गोडी नव्हती. मला समोर उभं करून ते प्रश्न विचारायचे. कुठे वाकतं? कुठे वाकत नाही? मी सांगायची की वर आणि खाली दोन पाती असतात, ती वाकतात. मध्ये मूठ असते, ती वाकता कामा नये, कारण ती हातात असते.

"मंजे सगळा मामला मुठीचा," अब्बा म्हणाले.

"सगळा नाही, पण..."

"सगळाच. दाराला कडी जिथं बसते तिथंच दार फुटतंय."

पहिली मूठ त्यांनी आपल्या पंजात धरून ठरवली. रंध्याची मूठ, करवतीची मूठ, अशी आयुष्यभर हाताळलेली सगळी मापं होती त्यात. दोन इंच रुंद, छान गोलसर, कानशीने घासून घासून अशी गुळगुळीत केली की लहान मुलाच्या गालासारखी लागायची. मूठ संपते तिथे पात्याची जाडी एकदम कमी करायची होती. तिथे त्यांनी चौकटीला देतात तसा सरळ काटकोनात खांदा दिला. काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला आणि मान हलवली.

नारळाच्या सोडणांनी, म्हणजे सालींनी, भरलेलं पोतं आम्ही एका वाकलेल्या पोफळीला बांधलं. सरांनी घरी असलेले थोडे बाण पाठवले होते. मी पहिला बाण सोडला आणि तो पोत्याच्या डावीकडून निघून कुंपणात गेला. दुसराही डावीकडेच.

"हात हलतोय तुझा," अब्बा म्हणाले.

"नाही हलत."

मला राग आला होता, कारण हलत नसण्याबद्दलच तर माझं नाव होतं. मी त्यांना मूठ दाखवली. माझी बोटं तिच्याभोवती पुरी मिटत नव्हती, त्यामुळे मी धनुष्य धरत नव्हते, नुसतं ढकलत होते. आणि बाण मुठीच्या डाव्या अंगाने जातो. मूठ रुंद असली की ती बाणाला बाहेर लोटते. कॉलेजच्या बांबूच्या मुठी बारीक होत्या, तिथे हे कधी कळलंच नव्हतं.

अब्बांनी लगेच पटाशी घेतली. दोन्ही बाजूंनी मूठ उतरवली, दोन इंचांची सव्वा इंच केली. या वेळी म्हणाले, "मी आधी ओढून बघतो." दोरी हनुवटीपाशी आली असेल-नसेल, तोच फांदी मोडावी तसा आवाज झाला. खांद्याच्या त्या काटकोनातच धनुष्य तुटलं होतं. वरचं पातं उलटं येऊन अब्बांच्या डोळ्याखाली, हाडावर बसलं.

अम्मी धावत आली. हळद दाबून धरता धरता ती अब्बांना जे बोलली ते मी विसरलेले नाही. "इतकी वर्षं मशिनीवर काढलीत, दाही बोटं शाबूत घेऊन आलात, आणि इथं वाडीत डोळा घालवताय? बस झालं हे."

डोळा वाचला.  तुटलेले दोन तुकडे अब्बा पडवीत घेऊन बसायचे, जोडून बघायचे, परत वेगळे करायचे. एकदा जेवताना ते म्हणाले, "खांदा द्यायला नको होता. लाकडाला तिथं पळायला जागाच ठेवली न्हाय मी. उतार द्यायला हवा होता, हळूहळू."  दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्यांची उकड मळताना अम्मीने तिच्यातला एक मोठा गोळा वेगळा काढला, ताटलीत ठेवला आणि अब्बांच्या पुढ्यात आणून आपटला.

"तिचा हात मोजलात काय तुम्ही? तिचा? का आपल्याच हातानं मापं घेताय?"

अब्बा तिच्याकडे बघत राहिले.

"एका काठीला थापा हे, आणि तिला धरायला सांगा. पोरीच्या हाताचा अंदाज मला हाय, तुम्हाला न्हाय."

अम्मीला कुणाला दुखवायचं नव्हतं. तिला फक्त पुन्हा कुणाचा डोळा फुटायला नको होता. पण अब्बांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्यांनी काठीला उकड थापली, ती जरा निवू दिली आणि माझ्या हातात दिली. "धर. ओढताना धरतेस तसं. आवळू नको."

मी धरली. उकड बोटांमधून वर आली. हात काढला तेव्हा तिच्यावर माझी चारही बोटं, तळव्याचा फुगीर भाग आणि अंगठ्याचा खळगा नीट उमटला होता. अब्बा कितीतरी वेळ तो ठसा फिरवून फिरवून बघत होते. मग म्हणाले, "केवढा मोठा हात झाला तुझा." मोठा नव्हता तो. त्यांच्या डोळ्यासमोर माझा कुठला हात होता कोण जाणे.

त्या ठशावरून त्यांनी धामणीच्या दुसऱ्या तुकड्यातून नवी मूठ काढली, आणि ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. सुतारकामात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. अब्बा इंचात बोलायचे कमी, सुतात जास्त. लांबी चार इंच, म्हणजे माझा पंजा आणि वर जरासा मोकळा भाग. तळव्यापाशी रुंदी सव्वा इंच. जिथून बाण जातो तिथे आणखी कमी, सात सूत. पण रुंदी कमी केली की मूठ कमजोर होते, म्हणून मागे-पुढे जाडी वाढवायची.

"रुंदीतून काढलं ते जाडीत परत द्यायचं," अब्बा म्हणाले. "पावणेदोन इंच ठेवू."

"जास्त नाही होणार?"

"धरून बघ. न पटलं तर काढता येतंय. काढलेलं परत लावता येत न्हाय."

मी धरायची, ते बघायचे. कधी म्हणायचे अंगठ्यापाशी टोचतंय काय, कधी मीच म्हणायची की खालच्या बाजूला भरल्यासारखं वाटतंय. एक सूत, अर्धं सूत. आता मुठीच्या दोन्ही बाजूंना त्यांनी अडीच-अडीच इंचांचा उतार दिला, आमच्या खाडीच्या धक्क्याला असतो तसा, पाण्यात कुठे शिरला ते कळू नये इतका सावकाश. काम करता करता ते बोलायचे. तिकडच्या खोलीतली माणसं, कुणाचं घोरणं, कुणाच्या हातची बिर्याणी, एका पठाणाने पाळलेली मांजर. आम्ही बोलत होतो ते मुठीबद्दल, आणि त्याच्या आजूबाजूने बाकीचं सगळं येत होतं.

हे धनुष्य तुटलं नाही. पहिला बाण पोत्यात गेला. अम्मीने विहिरीवरून पाहिलं आणि कळशी तशीच ठेवून ती हसली.

बाण सोडताना त्याचं पीस माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर घासायचं, कारण बाण मी मुठीवरच्या बोटावर टेकवत होते. काही दिवसांत तिथे लाल ओरखडे उठले. मला त्याचं काही नव्हतं, सगळ्यांनाच उठतात. अब्बांना मात्र ते बघवेना. त्यांनी मुठीच्या वरच्या भागात एक छोटी खाच पाडली, बाणाला टेकायला पायरीसारखी. इतकी नीटस की ती लाकडात उगवल्यासारखी दिसायची. ओरखडे थांबले. बाण आणखी सरळ जाऊ लागला.

पुढे कॉलेज उघडलं आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीचं पत्रक लागलं. चाचणी पालीजवळच्या एका मैदानावर होती. सरांनी धनुष्य बघितलं, हातात तोललं, म्हणाले, हेच घेऊन ये. खाचेचं त्यांच्याही ध्यानात आलं नाही. अब्बा माझ्याबरोबर आले. नवा शर्ट घातला होता त्यांनी, आणि एसटीत धनुष्य गुडघ्यांच्या मध्ये उभं धरून बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, हे काय हो? तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिचं हाय."

मैदानावर सगळ्यांची धनुष्यं तपासत होते. तपासणारे गृहस्थ वयस्क होते, बोलायला मऊ. त्यांनी आमचं धनुष्य बराच वेळ हातात ठेवलं. "कुणी केलं?" अब्बा पुढे झाले. "फार सुंदर आहे," ते म्हणाले. "पण मुठीत खाच आहे. या गटात मूठ साधी लागते, बाणाला आधार चालत नाही. मला वाईट वाटतं, पण मी घेऊ शकत नाही."

कॉलेजची बांबूची धनुष्यं गावाकडेच राहिली होती. मी सरांकडे बघितलं, सर जमिनीकडे बघत होते. अब्बांनी विचारलं, "खाच बुजवली तर?"

"बुजवली तर हरकत नाही. पण मुलींचा नंबर दुपारी आहे."

अब्बा धनुष्य घेऊन गेले ते जवळजवळ पळतच. पालीच्या बाजारात त्यांनी एक फर्निचरवाला गाठला, त्याच्याकडून पटाशी, गोंद आणि सागाचा तुकडा घेतला आणि त्याच्याच दुकानात बसून खाच भरली. परत आले तेव्हा शर्टावर गोंद होता. भरलेल्या जागेवर त्यांनी सुती दोरा घट्ट गुंडाळला होता, गोंद अजून ओला होता म्हणून. तपासणाऱ्यांनी बोट फिरवून होकार दिला.

मी मूठ हातात घेतली आणि मला कळलं. भरलेल्या तुकड्याने आणि दोऱ्याने मिळून बाण जायच्या जागेची रुंदी वाढली होती. फार नाही, दोन-अडीच सूत. माझ्या हाताला ती परकी लागली. अब्बा मैदानाला बांधलेल्या दोरीपलीकडे उभे होते आणि त्यांचे डोळे माझ्या हातावर होते.  आता बोलून काही होणार नव्हतं.

पहिले बाण डावीकडे गेले. मी उजवीकडे धरून बघितलं, तर ओल्या गोंदामुळे दोरा सरकला आणि बाण आणखी कुठेतरी गेला. हळूहळू मला अंदाज आला. शेवटचे काही बाण मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या आसपास लागले, तेव्हा माझ्या मागे कुणीतरी टाळी वाजवली. पण तोवर वेळ गेली होती. माझं नाव निवडीत आलं नाही.

परतीच्या एसटीत अब्बांनी धनुष्य वरच्या फळीवर ठेवलं.  माणगाव मागे पडल्यावर म्हणाले, "खाच मी पाडली. आणि भरली ती बी मीच."

"अब्बा, माझ्या हाताला लागत होतं म्हणून पाडलीत."

"सुताराची खोड. जिथं काम न्हाय तिथं बी पटाशी लावतंय."

"शेवटचे बाण बघितलेत ना? आणखी थोडे मिळाले असते तर..."

"बघितले," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

तसं बघितलं तर काय झालं होतं? एक चाचणी हुकली होती. मी पुढच्या वर्षी पुन्हा देऊ शकले असते. पण त्याच उन्हाळ्यात आखातातून जुन्या मुकादमाचा फोन आला, नवा कारखाना निघत होता, आणि घराचं छप्पर सोडून बाकी सगळं अजून मोडलेलंच होतं. अब्बा गेले. जाण्यापूर्वी मी त्यांना म्हटलं, की साध्या मुठीचं एक करून द्या, खाचेशिवाय, मापं तर आता आपल्याला ठाऊक आहेत. धामणीचा एक तुकडा उरलाही होता. ते "बघू" म्हणाले. बॅग भरण्यात, लोकांच्या भेटीत ते राहिलं. नंतर माझं कॉलेज संपलं आणि वयाचा तो गटही संपला.

आता मी इथल्याच एका शाळेत मुलांना खेळ शिकवते. मागच्या वर्षी अब्बा परत आले, या वेळी खरोखर कायमचे. केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात. दुपारनंतरची असरची नमाज झाली की ते पडवीत खुर्ची टाकून बसतात आणि वाडीत नव्याने लावलेल्या पोफळींकडे बघतात. त्या आता उंच झाल्यात. अम्मीशी आणि आल्या-गेल्याशी ते चांगलं बोलतात. फक्त धनुष्याचा विषय निघाला की उठून जातात. शेजारच्या घरी उतरलेल्या एका पाहुण्याने आमच्या पडवीच्या भिंतीवर टांगलेलं माझं धनुष्य बघून, मला एक करून द्याल का, असं विचारलं होतं. अब्बा म्हणाले, "मी दारं करतो." आणि आत गेले.

मी त्यांना अनेकदा सांगायचा प्रयत्न केला. ती चाचणी मला फारशी आठवत नाही, मला तो वाडीतला काळ आठवतो, असं मी म्हणते. ते मान हलवतात. त्यांना वाटतं मी त्यांची समजूत काढते आहे. त्यांच्या मनात त्या महिन्यांचं नाव एकच आहे: पोरीचं नुकसान केलं. मी तेव्हा मैदानावरच, गोंद लागलेल्या त्या शर्टाला मिठी मारून हे बोलायला हवं होतं का? तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, आणि आमच्यात तशी मिठी मारायची रीतही नव्हती.

या हिवाळ्यात मी त्यांच्या हत्यारांच्या पेटीतून रंधा काढला आणि शाळेतल्या मुलींसाठी एक धनुष्य करायला घेतलं. ते पडवीतून बघत होते. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "अब्बा, बारा-तेरा वर्षांच्या पोरीला मुठीची रुंदी किती ठेवू?"

"तुझं तू ठरव. तुला कळतंय आता."

"सात सूत ठेवू की सहा?"

"ठेव काय ठेवायचं ते."

मी एका मुलीचा हात बघून सहा सूत ठेवली. उतार सावकाश दिला, खाच पाडली नाही. झालं एकदाचं. जाडी मात्र जास्तच राहिली होती, ते मलाही दिसत होतं. तरी मी ते धनुष्य तसंच पडवीत नेऊन त्यांच्यापुढे धरलं. मला वाटलं, ते हातात घेतील, डोळ्याजवळ नेतील आणि म्हणतील, हे काय, अजून एक सूत काढ इथून.

"चांगलं झालंय," अब्बा म्हणाले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, तिथून हलले नाहीत. अम्मीने आतून चहासाठी हाक मारली आणि ते खुर्चीच्या हाताला धरून सावकाश उठले.